भरल्या ताटावरून उठलेले दाजी

दाजी भरल्या ताटावरून उठले, आणि तेही माशाची मुंडी वाट्याला आली नाही म्हणून, असं आमच्या कट्टा गावच्या बाजारात अजूनही सांगतात. सांगणारा मिटक्या मारत सांगतो, ऐकणारा मांडीवर थाप मारून हसतो आणि माझं डोकं फिरतं. त्या रविवारी मी स्वयंपाकघरात खोबरं किसत होते. बाजारातला एकही शहाणा तिथे नव्हता. जे होते ते मूग गिळून बसले.

दाजींचं बाजारात कापडाचं दुकान होतं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एस्टी उशिरा आली की कंडक्टरशी भांडण, पावसाचा अंदाज चुकला की रेडिओशी भांडण. कापड चिवडून न घेता निघालेल्या गिऱ्हाइकाला ते सरळ विचारत, "हात पुसूक इललंस काय?" तरी दुकान चालायचं, कारण माप देताना हात सैल असायचा.

हा तापट माणूस फक्त जेवताना शांत असे. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मी कणकवलीला शाळेत शिकवत होते आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. दर रविवारी आमच्या पडवीत चौघांची पंगत बसे. कचेरीतून निवृत्त झालेले माझे बाबा, गावचे डॉक्टर, बाबांचे शाळासोबती मास्तर आणि दाजी. मासे आणायचं काम दाजींचं. पहिल्या गाडीने ते मालवणला जात, लिलावात उभे राहून आवाज चढवत आणि पिशवीतून पाणी गाळत परत येत. साडेबाराला बसलेली पंगत चार वाजले तरी उठत नसे. डॉक्टरांना कधी पेशंटची आठवण झाली, तर दाजी म्हणत, "घाई आसा तर स्टॅण्डार जावन उभो रव. हयसर कित्याक बसलंस?" आणि डॉक्टर पुन्हा मांडी घालून बसत. दाजी काटे इतके स्वच्छ करत की मांजर त्यांच्या ताटाकडे फिरकतच नसे. तिरफळाचा वास आला की डोळे मिटायचे, सोलकढीची वाटी दोन्ही हातांनी उचलायची. गप्पा तर काय, मुंबईच्या मंत्र्यांपासून शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत. ऐकायला मलाही आवडायच्या, खोटं कशाला बोलू.

पण मी त्या आतून ऐकायचे. आमच्या घरात बाबांच्या आग्रहाचं मोठं नाव होतं. "घे रे, आत भरपूर आसा," असं ते प्रत्येकाला सांगत, आणि आत किती आहे हे विचारायला कधी आत येत नसत. टोप रिकामा होऊन आत गेला की यजमानाची मान ताठ. आई पहाटे उठून वाटण घालायची, चुलीपुढे घाम पुसत चार-चारदा वाढायची आणि शेवटी त्या रिकाम्या टोपात गार भात कालवायची. कडेला लागलेलं माशाचं तिखलं भाताने पुसून घ्यायचं, हेच तिचं रविवारचं जेवण. माझ्यासाठी ती गुपचूप एक तुकडी बाजूला ठेवी. स्वतःसाठी कधीच नाही. मी बाबांशी भांडले, तर आईच मला दटावायची. पाहुण्यांपुढे शोभा करू नकोस म्हणायची.

एका रविवारी दाजी सगळ्यांच्या आधी उठले आणि आचवून परत येताना मागल्या दारातून आत आले. आई जमिनीवर बसून भाताने टोप पुसत होती. दाजींनी टोपात पाहिलं. आईने घाईने पदर सावरला. दाजींनी पडवीत जाऊन टोपी घातली आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीपेक्षा मोठा मासा आणला. पानं वाढून झाली. बाबांनी सुरुवात करा म्हटलं. दाजींनी भाताला हातच लावला नाही.

"वयनी, तुमचा काढून ठेवलास?"

आई दारात वाढपाचा डाव घेऊन उभी होती. आहे आहे, असं काहीतरी पुटपुटली. दाजी म्हणाले, मग ताट इकडे आणा, मला बघू दे. डॉक्टर हसले. त्यांना थट्टा वाटली. बाबांचा चेहरा मात्र लालबुंद झाला.

"माझ्या घरातल्या बायलांचा पोट मोजूक इलंस काय रे?"

"मोजूक काय आसा? टोप बघलंय मी."

मग दाजी उठले. उष्टं न केलेलं आपलं ताट दोन्ही हातांनी उचलून आत आणलं, आईपुढे ठेवलं आणि मागल्या दाराने निघून गेले. हे उठणं. एवढंच. मी दार लोटून घेतलं आणि आईला बसवलं. रडत रडत ती जेवली. बाहेर तिघांची पंगत चालूच होती.

बाबांना हे गावात सांगता येईना. पण दाजी का येत नाहीत, हे लोक विचारणारच. तेव्हा त्यांनी मुंडीची गोष्ट रचली. दाजींची खाण्याची आवड सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ती चटकन खपली. डॉक्टर आणि मास्तर दोघांनाही खरं माहीत होतं. दोघंही गोष्ट ऐकून हसायचे. शिकलेली माणसं ही! दुकानात पोरंटोरं "मुंडी व्हयी काय?" विचारून पळायची, आणि एस्टीवाल्याशी घसा ताणून भांडणारा माणूस त्यांना एक शब्द बोलायचा नाही.

मला राहवलं नाही. मी दुकानात जाऊन त्यांना म्हटलं, तुम्ही खरं का सांगत नाही? तुम्ही नाही सांगत तर मी चौकात उभी राहून सांगते. ते कापडाचं ठाण गुंडाळत होते. गुंडाळून फळीवर ठेवलं आणि मग म्हणाले, "सांगलंय तर वयनी उपाशी रवतत, ह्या सगळ्या गावाक कळतला. लोक तेंका बघून हळहळतले. तेच्यापरास माका खादाड म्हणांदेत. तू गप रव गो बाय."

मी गप्प राहिले. दाजींचा शब्द होता म्हणून. रविवारच्या पंगती पुढे तिघांतच रेंगाळल्या.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी दाजी गेले. ताप आला, कणकवलीला नेईपर्यंत खेळ संपला. स्मशानातून माणसं परतली, आंघोळी करून संध्याकाळी आमच्या पडवीत टेकली. आईने चहा आणला. मास्तर सुस्कारा टाकून म्हणाले, "बरो माणूस होतो. एका मुंडीसाठी मैत्री घालवल्यान." डॉक्टरांनी मान हलवली. बाबाही हलवणार होते.

आईने ट्रे खाली ठेवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती बाबांच्या मित्रांसमोर चहा-भाताखेरीज काही बोलली नव्हती.

"भावजी मुंडीसाठी उठूक नायत," ती म्हणाली. "मी उपाशी रवतंय म्हणान उठले. तुमी बसान रवलास."