वरवंट्याखालचा भात

फोडणीचा भात करायला घेतला की मी आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतो. शेजारच्या बाई एकदा दारातून म्हणाल्या, "काका, खिडकी तं उघडा, ठसक्यानं जीव जाईन तुमचा." मी हसून वेळ मारून नेली. बायको जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून वर्ध्याच्या या घरात सकाळी कुकर लावतो आणि उरलेल्या भाताला संध्याकाळी फोडणी देतो. तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. हळद शेवटी, गॅस बारीक करून, नाहीतर ती करपून कडू होते. मग हातानं मोकळा केलेला भात. एकट्याला पुरून घासभर उरतोच. तो मी ताटलीखाली झाकतो आणि वर खलबत्त्यातला बत्ता ठेवतो. तिसऱ्या मजल्यावर मांजर येत नाही. तरी ठेवतो.

या भातापायी माझ्या वहिनीनं पन्नास वर्षं बोलणी खाल्ली. तिचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि आता ते लिहूनच ठेवतो.

वडील वारले तेव्हा मी वर्ध्याला कॉलेजात शिकत होतो. घर नाचणगावला. आमच्याकडे माणूस गेलं की दहा दिवस चुलीवर फोडणी चढत नाही, आणि अन्नात हळद पडत नाही. पांढरं वरण, पांढरा भात, नुसती उकडलेली भाजी. फोडणीचा वास रस्त्यापर्यंत जातो, आणि सुतकाच्या घरातून तो गेला तर गावाला वाटतं, यांना गेलेल्या माणसाचं काहीच नाही.

सहा दिवस मी ते गिळलं. सातव्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. आई, माझी मोठी बहीण आणि वहिनी धुणं घेऊन नाल्यावर गेल्या होत्या. दादा दशक्रियेचं सामान आणायला सायकलनं पुलगावला गेला होता. म्हातारी मंडळी शेजारच्या निंबाखाली बसली होती. मी चुलीपाशी गेलो. टोपल्यात सकाळचा भात होता. वडिलांवर माझा जीव नव्हता असं नाही. पण त्या वेळी मला फक्त भूक होती, आणि तिखटाची आठवण होती. चुलीत निखारे होतेच. जवसाचं तेल टाकलं, मोहरी तडतडली तेव्हा दचकलो, तरी थांबलो नाही. हळद जास्तच पडली.

कढईतूनच खाल्लं. खातानाच लाज वाटायला लागली होती, पण हात थांबत नव्हता. उरलेला भात संध्याकाळसाठी पितळीत काढला, वर परात उपडी घातली आणि तिच्यावर वरवंटा ठेवला. लहानपणी दह्याची राखण माझ्याकडे असे, मांजरापासून असंच जपायचो. कढई राखेनं घासली. हात चुलीजवळच्या फडक्याला पुसले आणि ओसरीवर डोळे मिटून पडलो. ते फडकं वहिनीच्या जुन्या लुगड्याचं होतं.

वहिनीला तेव्हा पाचवा महिना होता. ती दमली म्हणून आईनं तिला नाल्यावरून पुढं पाठवलं. ती आत गेली, मी पापणीआडून पाहिलं. बऱ्याच वेळानं बहीण आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"कोणी फोडणी देल्ली वो?"

बहीण आत गेली. आत वरवंटा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बहिणीचा आवाज चढला. पितळीत दोनच घास उरले होते. तिनं फडकं उचललं, त्यावरचे पिवळे डाग पाहिले, आणि धुण्याच्या बादलीत साबण होता तो त्यावर घासला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. ते लाल फडकं तिनं अंगणात आणून आईपुढं धरलं.

"पाय माय, पाय. बापाची राख थंडी नाई झाली, आन् हिचे डोहाळे चालू हायेत. मांजर खाईन म्हणून वरवंटा ठेवते, सासऱ्याची लाज नाई ठेवत!"

वहिनी दारात उभी होती. हाताला भाताचा पिवळा रंग. तो तिनं पदराला पुसला. मी ओसरीवर उठून बसलो होतो. तेवढंच केलं. "मी केला" हे दोन शब्द होते. आईचा चेहरा पाहिला आणि मी मान खाली घातली. संध्याकाळी दादा आला, त्यानं ऐकलं, वहिनीकडं एकदा पाहिलं आणि बैलांना वैरण टाकायला निघून गेला.

पुढं ती गोष्ट घरातली म्हणच झाली. कोणाची भाजी तिखट झाली की बहीण म्हणायची, "वरवंटा ठेव वर." दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी पहिली हळद लावायचा मान मोठ्या वहिनीचा. ती नवं लुगडं नेसून वाटी घेऊन आली. आई म्हणाली, "तू राहू दे. तुह्या हळदीची आमाले धास्ती हाये." बायका हसल्या. वहिनीनं वाटी माझ्या बहिणीच्या हातात दिली आणि पोळ्या लाटायला गेली. मी पाटावर बसून होतो. बहिणीनं माझ्या गालाला हळद फासली. मी तेव्हाही गप्प राहिलो, आणि तेव्हा तर मला भीतीही नव्हती. उगाच शुभकार्यात वाद नको, असं स्वतःला सांगितलं.

मग अल्लीपूरच्या शाळेत मास्तरकी केली. पोरांना खरं बोलण्यावर निबंध लिहायला लावले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. तेरवी आटोपल्यावर मी ठरवलं, आता वहिनीला सांगायचं. ती मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी बाजूला बसलो. सुरुवात कशी करावी हे जुळवत होतो, तेवढ्यात तीच बोलली.

"भाऊजी, तुमचे दादा मले कधी चांगलं बोलले नाई. तुमाले तं मालूम हाये."

"हो वहिनी."

"पण एकडाव त्यायनं माह्यासाठी चूल फुकली. मामंजीच्या सुतकात. सकाळीच मी म्हटलं होतं, हे पांढरं अन्न मले उतरत नाई, पोटात पोरगं हाये. तं पुलगावले जायच्या आंधी भाताले फोडणी देऊन, झाकून, वरून वरवंटा ठेवून गेले. मी कोणाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं त्याईले बोलले असते सारे. मीच खाल्लं बोलणं." ती हसली. "त्यायनं बी कधी तोंडातून काढलं नाई. मी बी नाई. तुमाले काही बोलले होते का कधी?"

तांदळातला खडा तिनं बोटानं बाजूला सारला आणि माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "बोलले होते. मलाच म्हणाले होते, तिच्यासाठी ठेवलं म्हणून."

"मले मालूमच होतं!" असं म्हणून ती पुन्हा निवडायला लागली.

हे खोटं होतं. दादानं असं काही म्हटलं नव्हतं. बहुतेक त्याला वाटत राहिलं की ते वहिनीनंच केलं, म्हणून तो गप्प राहिला. तिच्यासाठी कोणी काही झाकून ठेवलं नव्हतं. मी माझ्या संध्याकाळच्या भुकेसाठी ठेवलं होतं. तिला दुखवायचं नाही म्हणून खोटं बोललो, की पुन्हा एकदा भ्यालो, हे मला आजही सांगता येत नाही.

या वर्षी वहिनीही गेली. दहाव्या दिवशी नाचणगावच्या घरात सगळे जमले होते. बहीण आता ब्याऐंशीची आहे. तिनं सुनांना, नातसुनांना ती गोष्ट रंगवून सांगितली, वरवंट्यासकट. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. समोर वहिनीचा फोटो होता.

मी म्हणालो, "ताई, तो भात मी केला होता."

"चूप बस रे. तुले चहा टाकता येत नोता, आन् म्हणे फोडणी! मेलेल्या मानसाची बाजू घेते बापा आता."

सगळे पुन्हा हसले. पुतण्या म्हणाला, "काका, राहू द्या न." मी पुन्हा सांगितलं. कोणी मानलं नाही.

तेरवीनंतर पाहुणे गेले. बहीण आणि मी राहिलो. चौदाव्या दिवशी मी वहिनीच्या सुनेला म्हटलं, आज भात मी करतो. ती संकोचून बाजूला झाली. बहीण दाराशी खुर्ची टाकून पाहत बसली. "पाहू दे, मास्तर काय दिवे लावते तं." मी तेल तापवलं, मोहरी टाकली, लसूण लाल होऊ दिला, गॅस बारीक करून हळद टाकली. भात टाकून परतला. तिच्या ताटात वाढला. तिनं खाल्लं आणि म्हणाली, "मीठ कमी हाये."

उरलेला भात मी पितळीत काढला. त्यावर परात उपडी घातली. ओट्याखाली जुना वरवंटा पडला होता. पाटा कधीच गेला, सून आता त्यानं आलं ठेचते. मी तो उचलून परातीवर ठेवला. ठेवताना मनात काही नव्हतं, हात सवयीनंच गेला.

मागं बहिणीचा घास थांबला होता. ती वरवंट्याकडं पाहत होती, मग माझ्या हाताकडं.

"तूच होता का रे?"

"हो."

ती ताटातला भात बोटानं गोळा करत राहिली.

"मी लय बोलली रे तिले," ती म्हणाली. "हळद बी आमी तिले लावू नाई देल्ली."

मी तिच्याजवळ खाली बसलो. तिनं ताट बाजूला सरकवलं. त्यात अर्धा भात तसाच होता.