पोत्यांमागचा जिना

नियमांचा इतक्या मनापासून अपमान करणारा माणूस, आमचे जागामालक सोडले तर, अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही. नवीन जालन्यात त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. वरचा हॉल मी मुलींच्या अभ्यासिकेसाठी भाड्याने घेतला. उतरायला जिने दोन, पण मागचा पोत्यांनी छतापर्यंत भरलेला. "शेठजी, आग लागली तर पोरी उतरतील कुठून?" असं विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, आग लागायला आपन काय फटाके विकून राह्यलो का?" जणू आग यांना विचारून लागते. आग विझवायचं लाल सिलिंडर आणलं, तर दसऱ्याला वजनकाट्याशेजारी मांडून त्याची पूजा झाली, झेंडूचा हार पडला आणि मग पूजेची वस्तू म्हणून ते कपाटात कुलूपबंद झालं. 'बाहेर जाण्याचा मार्ग' ही पाटी या महाभागांनी थेट पोत्यांवर चिकटवली. वर मलाच म्हणाले, "पाटी पाह्यजे म्हनले, लावली ना बराबर."

अग्निशमनचे साहेब पाहणीला आले. शेठजींनी कचोरी पुढे केली. साहेबांनी ती खाल्ली आणि सांगितलं, जिना मोकळा करा, नाहीतर अभ्यासिका बंद. माझं डोकं फिरलं. घरात पुस्तक उघडायला कोपरा नाही म्हणून टेंभुर्णीहून रोज एसटीने येणाऱ्या मुली आहेत माझ्याकडे. मी त्या हेकट म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलले. ते गादीवर मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "मेथी निवडत बसायची आमची घरवाली, त्या खालच्या पायरीवर. मी बी बसायचो कधी बाजूला. ती गेली, मंग पोती लावली. रिकामी पायरी बघवत न्हाई, मॅडम."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हमाल बोलावले.

परवानगी मिळाली, अभ्यासिका चालू आहे. शेठजी आता संध्याकाळी त्या पायरीवर मेथी निवडतात, तीही काड्यांसकट. बसतात मात्र भिंतीला अगदी चिकटून, अर्धी पायरी मोकळी सोडून. साहेब परत पाहणीला आले, तेव्हा ते बघून खूश झाले. "वाट मोकळी ठेवता, शेठजी. असं पाहिजे."

शेठजी भिंतीकडे आणखी थोडे सरकले आणि पुढची जुडी निवडायला घेतली.