शेपटीजवळचा पंख

जावयाच्या छोट्या बोटीतून आम्ही सामन मासे धरायला समुद्रात गेलो होतो. अमेरिकेतल्या त्या किनाऱ्यावर हंगाम मोजकाच आणि नियम कडक. माणसांनी पैदास करून सोडलेल्या माशाचा शेपटीजवळचा इवलासा पंख आधीच कापलेला असतो. तो मासा घरी न्यायचा. पंख शाबूत असेल तर मासा जंगली, त्याला पाण्यातच सोडून द्यायचं.

सकाळभर गळ टाकून मला एकच मासा लागला. बायकोने जाळी पाण्यात धरली, मी वाकून मासा पकडला. सुकाणूवरून जावई ओरडला, "बाबा, पंख आहे का बघा!"

पंख होता. मऊ, करंगळीच्या पेराएवढा. त्यावर माझा अंगठा कधी जाऊन बसला, कळलंच नाही. "दिसत नाही बुवा," मी म्हणालो.

एवढ्या अफाट पाण्यावर पहाऱ्याला कुणी नव्हतं. सगळा कायदा माझ्या एका अंगठ्याखाली चेपला होता. नातीला मी लबाड कोल्ह्याच्या गोष्टी रंगवून सांगतो. कोल्ह्याला बिचाऱ्याला असा अंगठाही नसतो.

"अहो, अंगठा काढा," बायको हळूच म्हणाली.

मी काढला. तिने जाळी खाली दाबली. मासा क्षणभर तसाच राहिला आणि मग खोल निघून गेला.

"काय झालं?" जावयाने विचारलं.

"पंख होता रे. यांना चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा माझ्या नाकावरच होता. जावयाने तो पाहिला, आणि हात पुसायला टॉवेल पुढे केला.