वाल्परायसोच्या भिंतीवरचा डोळा

आमची जायची बातमी आमच्या अष्टमी गावात फुटली, तेव्हा पहिला प्रश्न आला, "चारधाम झाले काय?" आणि दुसरा, "तिथं कोण हाय तुमचं?" कोणी नाय. कोणी नसलेल्या गावाला जायला बंदी हाय काय? मी साठीचा, अनिता अठ्ठावन्नची, दोघांचे गुडघे अजून शाबूत. चारधाम पुढच्या वर्षीपण आहेत तिथंच असतील, असं मी चार जणांना तोंडावर सांगितलं. पाचव्यानं विचारलंच नाय.

गावाचं नाव वाल्परायसो. दक्षिण अमेरिकेत, चिली देशात, समुद्राकाठी. मी रोह्याच्या कंपनीत एकतीस वर्षं पॅकिंगला होतो. रंगाचे ड्रम भरायचे, झाकण ठोकायचं, आणि पत्र्याची स्टेन्सिल धरून बाजूवर बंदराचं नाव मारायचं. नावं पुष्कळ मारली, पण हे एवढं लांबलचक की ड्रमच्या अर्ध्या पोटावर यायचं. घरी आलो की सांगायचो, "आज परत त्या गावाला माल गेला." अनिता भाकरी थापता थापता म्हणायची, "माल जातो. माणूस कधी जाणार?" रिटायर झालो त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो, तर ही दारातच. "आता?" मी म्हटलं, "आता जाऊ."

तिला मात्र आणखी एका कारणासाठी जायचं होतं, आणि ते ती कोणाला बोलली नव्हती.

अनिताचं माहेर हमरापूर. तिथं घराघरात गणपती घडतात. तिचा धाकटा भाऊ नाथा, त्याचा कारखाना. पोरगी होती तेव्हापासून ही आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. अंगाचा रंग, पितांबर, दागिने, सगळं झालं की शेवटी डोळे. चाळीस वर्षं सीझनला ती माहेरी राहायला जाते, आणि नाथाच्या कारखान्यातली एक मूर्ती तिच्या ब्रशाशिवाय बघायला लागली नाय. त्यांच्या घरात एक रीत हाय. डोळे आखताना मूर्तीसमोर दुसऱ्या कोणी उभं राहायचं नाय, कारण देवाची पहिली नजर आखणाऱ्यावर पडायला हवी. मी नवरा असलो तरी मागंच उभा राहतो. आणि आखलेला डोळा कधी पुसायचा नाय. हिनं चाळीस वर्षांत एकदाही पुसला नव्हता, आणि त्याचा तिला भारी तोरा.

गेल्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नंतर तिनं एका मंडळाची मूर्ती आखली, आणि मूर्तीचा डावा डोळा नखाएवढा वर चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही कारखान्यात गेली, तर डोळा सारखा केलेला. रात्रीतून नाथाच्या मुलानं, विशालनं केला होता. कोणी तिला विचारलं नाय, सांगितलं नाय. फक्त तिच्या पेटीतला बारीक ब्रश गायब, आणि समोर पितांबराचे काठ रंगवायला ठेवलेले. "आत्या, तू आता आरामात काठ कर," विशाल म्हणाला. मेल्यानं प्रेमानं म्हटलं, म्हणून जास्त लागलं. ती सगळा सीझन काठ रंगवत बसली. सीझन संपवून घरी आली तरी हात पुढं धरून बघायची, हलतो काय म्हणून. मी बघतोय असं दिसलं की हात पदराला पुसायची. माझ्या जिवाला तेव्हा काय वाटायचं ते मलाच ठाऊक. त्या कारखान्यापासून, त्या काठांपासून लांब जायचं, हेच तिचं न बोललेलं कारण.

तर आम्ही निघालो. मार्च महिना होता. दोघांच्या पाठीवर सॅक, अनिताची माझ्यापेक्षा मोठी. नाथा सोडायला आला होता, म्हणाला, "ताई, शाळेत चाललीस काय?" ही म्हणाली, "व्हय, तू नापास झालास ना, तुझ्या जागी." सॅकमध्ये सुकट घेतलेली, वाळवलेल्या जवळ्याची. जवळा नसेल तर हिला जेवण जात नाय. चिलीच्या विमानतळावर आम्ही फॉर्मवर लिहून दिलं होतं, आणि साहेबानं हातमोजे घालून ती पिशवी काढून घेतली. वास आला तसं त्यानं तोंड वाकडं केलं. अनिता मराठीत म्हणाली, "मेल्या, तुझ्या गावात मासे नायत काय?" तो हसला. काय कळलं त्याला देव जाणे.

वाल्परायसोत स्वस्तातल्या लॉजवर उतरलो, तिथं एका खोलीत आठ पलंग, एकावर एक. बाकी सगळी विशी-पंचविशीतली पोरं. हिनं वरचा पलंग धरला. मी म्हटलं, "पडशील गो!" तर म्हणाली, "पडले तर खाली तुम्ही हाय ना."

गाव म्हणजे डोंगरच. समुद्राला लागून थोडी सपाट जागा आणि मग उभे चढ, त्यावर पत्र्याची घरं, पिवळी, निळी, डाळिंबी. वर जायला जुन्या लाकडी डब्यांच्या लिफ्ट आहेत, रुळांवरून तिरप्या कुरकुरत चढतात. पहिल्या दिवशी आम्ही त्या लिफ्टमध्ये चार वेळा उगाच वर-खाली केलं. दुसऱ्या दिवशी मासळीबाजार. तिथं म्हशी बसाव्यात तसे समुद्रसिंह नावाचे धिप्पाड प्राणी पसरलेले, आणि कोळणी आपल्याकडच्यासारख्याच कमरेवर हात ठेवून भांडणाऱ्या. कोलंबी-चीज भरलेली करंजी मिळते, ती आम्ही रोज खाल्ली. मी बंदरावर जाऊन कंटेनर बघत बसलो. माझे ड्रम इथंच उतरले असणार. मला उगीच भरून आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाय.

पण अनिता बघत होती भिंती. तिथं जिन्याजिन्यावर, गल्लीगल्लीत भिंतींवर चित्रं. माणसाएवढे चेहरे, दुमजली मासे. ही प्रत्येक चेहऱ्यासमोर थांबायची आणि डोळे तपासायची. "हा चुकला. हिची बुबुळं मोठी. हा मात्र जाणकार हाय."

चौथ्या दिवशी दुपारी एका जिन्याच्या वळणावर आम्ही दम खायला बसलो. समोर भिंतीवर एका म्हाताऱ्या मच्छीमाराचा चेहरा, कामही ताजं. सुरकुत्या, दाढी, टोपी, सगळं झालेलं. फक्त डोळे पांढरे. खाली रंगाचे डबे, पाण्यात ब्रश, आणि माणूस कोणी नाय. अनिता त्याच्याकडं बघत राहिली. मी पाणी पीत होतो.

"आखणी राहिलीय," ती म्हणाली.

"जेवायला गेला असेल करणारा. येईल."

"सगळं झालं की डोळेच राहतात."

मी बाटलीचं झाकण लावेपर्यंत हिनं ब्रश उचललेला. मी ओरडणार होतो. पण तिनं मान तिरकी केली, श्वास धरला, कारखान्यात धरते तसाच, आणि मी गुपचूप उठून तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. सवय हो! वरची कड एका दमात, मग खालची, मग बुबुळ, मग आतला ठिपका. मच्छीमाराला लांबट, अर्धवट मिटलेला, शांत गणपतीचा डोळा आला. मी मोबाइल काढून फोटो काढला. दुसऱ्या डोळ्याची वरची कड झाली, तेवढ्यात जिन्यावरून एक किंकाळी आली.

चित्र काढणारी पोरगी होती. मारिसोल तिचं नाव, नंतर कळलं. हातात पावाची पिशवी, तोंडानं नुसता भडिमार. मी मोबाइलवर भाषांतराचं अॅप लावून तिच्या तोंडासमोर धरलं. त्यातली बाई हिंदीत बोलली, "यह मेरे नाना हैं। वे अंधे थे।"

मेलो! पांढरे डोळे राहिलेले नव्हते, ते तसेच काढलेले होते. तिचा आजा आंधळा होता आणि आमच्या बाईनं त्याला दृष्टी दिली होती.

अनिताचा चेहरा उतरला. "आई गं, माफ कर गो बाय," ती मराठीतच म्हणाली. मारिसोलनं ओलं फडकं तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडं बोट केलं. पूस. अनिताचा हात काही वर जाईना. मला म्हणाली, "आखलेला डोळा मी पुसू? चाळीस वर्षांत पुसला नाय ओ."

मारिसोलनं फडकं परत घेतलं आणि स्वतःच अर्धा डोळा पुसला, शीळ घालत, ओटा पुसावा तसा. मग चित्रातल्या आजाच्या नाकावर बोट ठेवलं आणि सहा बोटं दाखवली. नाक सहा वेळा पुसलंय, असं. आणि हसली. पुसल्याचं त्या पोरीला काडीचं दुःख नव्हतं.

अनितानं फडकं मागून घेतलं. उरलेला डोळा पुसला, दुसऱ्याची कड पुसली, पांढरा रंग नीट सारखा करून दिला. मला वाटलं आता ही रडणार. ती पायरीवर बसली, उजवा हात पुढं धरला आणि या वेळी माझ्यापासून लपवला नाय.

"हलला नाय ओ," म्हणाली. "बघितलंत ना? आखतानापण नाय आणि पुसतानापण नाय."

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही सॅक पाठीवर टाकून सरळ हमरापूरला. मी मागोमाग. कारखान्यात पुण्याच्या मंडळाची आगाऊ ऑर्डरची पाच फुटी मूर्ती सगळी तयार, डोळे तेवढे बाकी, आणि विशाल ब्रश धुवत होता. नाथानं खुर्ची दिली, चहा मागवला, पितांबराच्या काठाची वाटी पुढं सरकवली. हिनं वाटी तशीच मागं सारली.

"आखणीचा ब्रश दे."

नाथा माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं. "ताई, मोठी मूर्ती हाय," तो म्हणाला. "बिघडली तर?"

"बिघडली तर पुसेन."

"तू? तू पुसशील?"

"पुसून आलेय. भर रस्त्यात, परक्या मुलखात, जिची भिंत तिच्यासमोर. आणि ऐक नाथा, गेल्या वर्षीचा डोळा चुकला होता. माझाच चुकला होता. मला उठवायचं होतंस, मी पुसून दुसरा काढला असता. माझ्या पाठी दुसऱ्याचा हात लावायचा नाय. देतोस का ब्रश?"

विशालनं दिला. नाथाच्या आधी त्यानंच दिला.

तिनं श्वास धरला. एक डोळा काढला. मान तिरकी करून बघितलं, तो तिच्या मनास आला नाय, आणि कारखान्यातल्या सगळ्यांसमोर अंगाच्या रंगात ब्रश बुडवून तो डोळा मिटवून टाकला. नाथाच्या तोंडून "अगं ताई!" निघून गेलं. रंग सुकेपर्यंत ती चहा प्यायली, चवीनं, बशीतला शेवटचा घोट संपेपर्यंत. मग परत बसली. या वेळी दोन्ही डोळे एका बैठकीत झाले, एकाला एक जुळून.

ती दुसऱ्यांदा बसली तेव्हाच विशाल न सांगता मूर्तीसमोरून उठून माझ्या शेजारी मागं येऊन उभा राहिला होता. त्यामुळं समोर ती एकटीच होती. गणपतीनं पहिलं तिलाच बघितलं.