ब्रेकअण्णांचा लाल रंग

ब्रेकअण्णांच्या खोलीला कधी रंग लागलेला आमच्या वाडीत कोणाला आठवत नव्हता. भिंतीचे पोपडे पडत, त्यांच्या पत्नी माई ते केरसुणीने गोळा करत, आणि त्याच वेळी अण्णा गॅलरीत पाटावर बसून मोटारीच्या ब्रेकच्या ड्रमला लाल रंगाचा दुसरा हात देत असत. ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसणारं, पातेल्याएवढं बिडाचं जड भांडं. चाक आणि त्यावरची झाकणासारखी चकती चढवली की ते कोणाला दिसत नाही. लग्न होऊन मी गिरगावात आले तेव्हा पहिल्याच सकाळी शेजारच्या दारात हे दृश्य दिसलं आणि मी नकळत हात जोडले. सासूबाई म्हणाल्या, "शेंदूर नाही तो. ऑइलपेंट आहे. लांबून जा, पदराला लागेल."

अण्णा विमा कचेरीत हेडक्लार्क होते. मूल नसलेल्या मामांची जुनी काळी विलायती मोटार त्यांच्याकडे आली होती. ती खाली विहिरीपाशी उभी असे, पण चाकांवर कमी आणि लाकडी ठोकळ्यांवर जास्त. रविवार आला की अण्णा एखादं चाक काढत, ड्रम उतरवत, तारेच्या ब्रशाने गंज खरवडत, रॉकेलने धूत आणि बाळाला न्यावं तसा छातीशी धरून वर आणत. माई म्हणत, "जे दिसत नाही ते रंगवायचं कशाला?" अण्णा शांतपणे सांगत, "आत काय आहे ते मला ठाऊक असतं ना."

रंगकाम लवकर संपत नसे, कारण ड्रमखाली पसरायला वर्तमानपत्र लागे. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. पान न् पान सभांनी आणि मोर्चांनी भरलेलं. अण्णा ब्रश बुडवून वाकत आणि तसेच वाकलेले वाचत राहत. भाषण ऐन रंगात आलेलं असे आणि पुढचा मजकूर नेमका ड्रमखाली गेलेला असे. मग ते ओला ड्रम उचलून बाकीचं वाचत. ड्रमवर बोटं उमटत, तो पुन्हा खरवडावा लागे. "भाषण फार चांगलं होतं," एवढंच ते म्हणत.

एकदा आमच्याकडे पूजेला आलेले गुरुजी हवेशीर जागा म्हणून गॅलरीतल्या पाटावर टेकले. पाटावर ड्रम वाळत होता. गुरुजी किंचाळले. अण्णा धावत आले आणि कळवळून म्हणाले, "गुरुजी, घसरू नका, सरळ वर उठा. रंग फरफटेल." धोतराचं काय झालं हे त्यांनी विचारलंही नाही. गुरुजींनी पुढची सगळी पूजा भिंतीला पाठ लावून सांगितली.

चळवळीत बंद वरचेवर होत. बंद म्हणजे कचेरीला सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे चाकं काढायची. त्यामुळे शहरातल्या ट्रामा, बस, टॅक्सी ज्या दिवशी थांबत, नेमक्या त्याच दिवशी वाडीतली एकुलती एक मोटारही लंगडी असे. अशाच एका बंदच्या सकाळी मला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. मूल पायाळू होतं. परळला माझ्या माहेराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काही झालं तरी माझ्याकडेच आणा." आमचे हे गॅलरीत धावले. अण्णांसमोर मागचे दोन्ही ड्रम नुकते रंगून ठेवले होते. चकचकीत, ओले.

अण्णांनी ड्रमांकडे पाहिलं, मग दारात आलेल्या माझ्याकडे पाहिलं. "दत्ता, एक तू घे," ते यांना म्हणाले, "आतल्या बाजूला बोट लावू नकोस. तेलकटपणा चालत नाही तिथे." चाकं चढवायच्या आधीच त्यांनी मला मोटारीत बसवलं. मागची बाजू जॅकवर उचललेली होती, त्यामुळे मी पुढच्या सीटवर डोकं टेकून ओणवी झाले होते आणि सासूबाई मला मागून धरून होत्या. चाकांवरच्या चकत्या बसवायला वेळच नव्हता, त्यामुळे चाकांच्या भोकांतून आतला लाल रंग दिसत होता.

अण्णांना मोटार चालवण्यापेक्षा थांबवणं जास्त आवडायचं. त्या दिवशी तर वाटेत जागोजाग दगड पडलेले. ब्रेक लाव, सोड, पुन्हा लाव असं करत आम्ही लालबागला पोचलो, तिथे जमावाने अडवलं. लाल बावटा घेतलेला एक गिरणीतला तरुण पुढे आला. "आज बंद आसा. गाडी खंय घेऊन चललात?"

"बाळंतपण आहे," अण्णा म्हणाले. इतक्यात मागून धूर यायला लागला. तापलेल्या ब्रेकवर ओला रंग भाजत होता. लोक मागे सरले. तो तरुण मात्र चाकापाशी वाकला, नीट पाहिलं आणि हसत ओरडला, "भायरसून काळी, पण भितरसून लाल आसा रे. गाडी आपलीच."

"रंग पक्षाबिक्षाचा नाही हो," अण्णा प्रामाणिकपणे सांगू लागले, "गंज धरू नये म्हणून..."

"अण्णा," सासूबाई मागून म्हणाल्या, "आजच्या दिवस असू दे पक्षाचा."

ब्रेक थंड होईपर्यंत अण्णा गाडी चालवायला तयार होईनात. तेव्हा त्या मंडळींनीच दगड बाजूला केले आणि मोटार ढकलत परळपर्यंत नेली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," पुढचे म्हणत, आणि "झालाच पाहिजे," मागचे म्हणत. त्या "झालाच पाहिजे"मध्ये सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत. मी अर्थातच महाराष्ट्राविषयी बोलत नव्हते.

मुलगी झाली. पायाळू, पण सुखरूप. हे बाहेर सांगायला गेले तेव्हा अण्णा मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. "फार छान," ते म्हणाले. मग म्हणाले, "दोन्ही ड्रमांचा रंग फुगला." आणि रंगाच्या फडक्याने डोळे पुसले. पुढे आठवडाभर त्यांच्या गालांवर लाली होती.

महाराष्ट्र झाला, त्यानंतर काही काळाने अण्णा निवृत्त झाले. नागपूरला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने दोघांना तिकडे बोलावून घेतलं आणि मोटार माटुंग्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे गेली. ती नेली त्या दिवशी अण्णा खोलीतून बाहेर आले नाहीत.

त्यांना निरोप द्यायला वाडी फाटकाशी जमली होती. मी माझ्या लेकीला कडेवर घेऊन उभी होते. अण्णा टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसले. फाटकातून वळताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला, तशी टॅक्सी किंचाळली. अण्णांनी खिडकीबाहेर डोकं काढलं. आम्हाला वाटलं, आता काही बोलतील. पण ते खाली मागच्या चाकाकडे पाहत होते, कान देऊन. टॅक्सी रस्त्याला लागली तरी त्यांचं डोकं तसंच बाहेर होतं, मान खाली. मागच्या काचेतून माईंनी आमच्याकडे पाहिलं आणि हात हलवला, आधी एक, मग दुसरा. दुसरा अण्णांच्या वतीने असावा.