बापाचे दात

"ह्याला तोंड उघडायला सांग."

बाई माझ्याशी बोलत होत्या. 'ह्याला' म्हणजे माझ्या बापाला.

महाडच्या आमच्या कॉलेजचा हॉल. स्टेजवर लोखंडी स्टूल. स्टुलावर आबा, कमरेपासून वर उघडा. समोर शहरातल्या विद्यापीठातून बाईंबरोबर आलेली वीस-बावीस मुलंमुली, वह्या उघडून बसलेली. आबाच्या हनुवटीखाली पाटी, पाटीवर खडूने लिहिलेलं चौदा. ती पाटी मी धरली होती. फोटो काढून झाला होता, तरी बाईंनी ती खाली घेऊ दिली नव्हती.

"आबा, आ कर," मी म्हटलं. मी आबाला अरे-तुरे करते. ते लेकीचं अरे-तुरे. बाईंचं तसं नव्हतं.

आबाने आ केला. बाईंनी लाकडी पट्टीने त्याचा ओठ वर उचलला आणि दात मोजायला सुरुवात केली. मोठ्याने, इंग्रजीत, एकेका दाताला पट्टी टेकवत. मुलं लिहून घेत होती. सव्वीस भरले. मग दाढा कशा झिजल्यात, जात्यावरच्या पिठाने दाढा कशा झिजतात, ते झालं. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाजार में भैंस को ऐसे ही देखते हैं ना?"

हॉल हसला. बाईही हसल्या, मग "सायलेन्स" म्हणाल्या. आबाला इंग्रजी कळत नव्हतं, हिंदी अर्धीमुर्धी कळत होती. हसणं पूर्ण कळलं. तोंड उघडंच होतं त्याचं. मिटायला कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझा बाप कोण, ते ऐका.

वरंधच्या वर डोंगरात आमचा धनगरवाडा. दीड तासाची चढण. घरटी पाच-सहा म्हशी. आणि म्हैस घ्यायची म्हटलं की खालच्या गावांतले जमीनवाले शेतकरीसुद्धा आबाला बोलावणं पाठवायचे, कारण दात बघावेत तर आबाने. दोनदाती, चारदाती, की सगळे दात येऊन जुळलेली. वय सांगायचा, ते चुकायचं नाही. पण त्याची एक रीत होती. आधी मालकाला विचारायचं, "बघू का?" मालक हो म्हणाला की जनावराच्या मानेवर हात ठेवायचा, "थांब बाय" म्हणायचं, आणि मगच जबडा धरायचा. किती दात ते चारचौघांत बोलायचं नाही. घेणाऱ्याला बाजूला नेऊन सांगायचं. मालकाची लाज राहिली पाहिजे, म्हणायचा. म्हशीचीही, असं मला वाटायचं.

त्या माणसाला मी त्या स्टुलावर बसवलं होतं. मीच. दुसऱ्या कुणाच्या बापाची ती ताकद नव्हती.

झालं ते असं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वाड्यावरून कॉलेजात आलेली पहिली पोर. आमचे एक सर होते, दर मार्चमध्ये तळ्यावर समतेवर भाषण करायचे, आणि चांगलं करायचे. त्यांनी मला बोलावलं. विद्यापीठाचं संशोधन आहे, डोंगरातल्या माणसांची शरीरं मोजायची आहेत, तुझीच माणसं आहेत, तुला सोपं जाईल. सर्टिफिकेट मिळेल. पुढे शहरात शिकायला जायचं तर ते कामाला येईल. मी हरखले. सर म्हणाले, "डॉक्टर आलेत असं सांग. नाहीतर लोक यायचे नाहीत."

मी तसंच सांगितलं. वाड्यावर उभं राहून, ओळखीच्या तोंडांना सांगितलं, डॉक्टर आलेत.

आबाच्या डोळ्यांत तेव्हा पडदा यायला लागला होता. म्हशीचा जबडा उजेडाकडे वळवूनसुद्धा त्याला नीट दिसायचं नाही. बोटाने चाचपायचा आणि कुणाला कळू नये म्हणून धडपडायचा. डोळे गेले की त्याचा मान गेला. ते त्याला माहीत होतं, आईला माहीत होतं, मला माहीत होतं. त्याने एवढंच विचारलं, "डोळं बघतील ना गो?"

"बघतील आबा."

"तू सांगतेस तं बसतो."

मग मी अंगठे घेतले. सरांनी कागदांचा गठ्ठा दिला होता. इंग्रजीत दोन पानं, खाली अंगठ्याची जागा. मी शाईचं पॅड धरलं आणि एकेकाचा अंगठा दाबून घेतला. आबाचासुद्धा. एकानेही विचारलं नाही, काय लिवलंय. पोर कॉलेजात शिकते, तिला ठावं असंल. पोरीने वाचलंच नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, गाऱ्हाणं कुणाकडे घालायचं?

वाड्यावर डोकी मोजली, नाकं मोजली, चिमट्यासारख्या हत्याराने गालाची हाडं मोजली. त्यातले पाच जण बाईंनी मुलांना शिकवण्यासाठी निवडले आणि दोन दिवसांनी जीपने महाडला आणले. आबाने धुतलेला सदरा घातला होता. डॉक्टरकडे जायचं म्हणून.

त्या सकाळी हॉलबाहेर थांबले असताना मी तो कागद पहिल्यांदा वाचला. डिक्शनरी घेऊन वाचला. 'संशोधनात आणि अध्यापनात भाग घेणाऱ्या स्वयंसेवकांसाठी नियम' असं वर लिहिलं होतं. सहावा नियम मी तीनदा वाचला. ज्याच्यावर प्रयोग चाललाय तो वाटेल तेव्हा उठून जाऊ शकतो. आपले फोटो, आपली मापं परत मागू शकतो. कारण सांगावं लागत नाही. आणि हे सगळं त्याला आधी, त्याच्या भाषेत समजावून सांगितलं पाहिजे.

वाचलं. कळलं. आणि गप्प बसले. खोटं का बोलू? सर्टिफिकेट डोळ्यांसमोर होतं. कागद बगलेत मारला आणि हातात पाटी घेतली.

धर्माची गाय आणि दात का गं नाय, म्हणतात. फुकट मिळालेल्या गाईचे दात बघू नयेत. आम्ही त्यांना फुकटच मिळालो होतो. तरी दात मोजलेच.

हसणं थांबलं. बाईंनी पट्टी काढली. आबाने तोंड मिटलं, आवंढा गिळला आणि मान न हलवता हळूच मला विचारलं, "डोळं कधी बघणार गो?"

मी बाईंना विचारलं. बाई वहीत बघत म्हणाल्या, "डोळे आपल्या विषयात येत नाहीत. त्याला सांग, हलू नकोस. आता पाठ दाखवायचीय."

मी पाटी टेबलावर ठेवली, उलटी. आणि वाड्यावर बोलतो तशी बोलले, हॉलला ऐकू जाईल अशी.

"आबा, ऊठ. हे डॉक्टर नाय. मी खोटं बोलले. तुला उठायचं असंल तं उठता येतं, ह्यांच्याच कागदात लिवलंय."

आबा माझ्याकडे बघत राहिला. "त्यांना काय सांगू?"

"काय सांगावं लागत नाय."

तो उठला. सदरा खिडकीत ठेवलेला होता. स्टेज उतरून तिथपर्यंत उघड्या अंगाने चालत गेला, सदरा घातला, एकेक बटण लावलं. बोटांनी चाचपून. त्याच्यामागे बाकीचे चौघेही उठले.

बाई म्हणाल्या, "तुला प्रोसिजर कळत नाही. सगळा दिवस वाया घालवलास." मी सहाव्या नियमावर बोट ठेवून कागद पुढे केला. त्यांनी घेतला नाही. व्हरांड्यात सरांनी गाठलं. "तुम्हांला वर आणायला जावं, तर तुम्ही ही अशी!" तुम्हांला. आत्तापर्यंत मी 'तू' होते. त्या एका शब्दात त्यांनी मला परत डोंगरावर पाठवलं. सर्टिफिकेट अर्थातच नाही मिळालं.

एस.टी.त आबा खिडकीबाहेर बघत होता. बिरवाडी मागे गेली तेव्हा बोलला.

"म्हशीला इचारता येत नाय, म्हणून मी मालकाला इचारतो. मला तं इचारता येत होतं."

वरंध जवळ आलं तेव्हा म्हणाला, "अंगठा तूच घेतलास ना गो?"

"हो आबा."

पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. दात बघायला जाणंही त्याने हळूहळू सोडलं. डोळ्यांमुळे, असं आई सांगायची. मला माहीत आहे, नुसते डोळे नव्हते.

आबाला जाऊन आता चार वर्षं झाली. त्याचा एकही फोटो घरात नाही. आयुष्यात एकदाच निघाला, तो विद्यापीठाच्या कपाटात आहे. उघडा, हनुवटीखाली चौदा. भाऊ म्हणतो, "आण ना तोच. पाटी कापून लावू भिंतीवर." मी नाही म्हटलं. भिंत रिकामी राहिली तरी चालेल. तो फोटो मला लावायला नको आहे. त्यांच्या वर्गात दरवर्षी नव्या पोरांसमोर माझा बाप उघडा बसतो, तिथून त्याला उठवायचं आहे.

विद्यापीठाला तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं. 'संबंधित व्यक्तीने स्वतःच्या सहीचा अथवा अंगठ्याचा अर्ज, मागणीच्या कारणासह, सादर करावा.'

अंगठा. माझ्या बापाचा अंगठा मागताहेत मला. तो तर तुमच्याकडेच आहे. मीच दाबून दिला होता.

तो नियमांचा कागद मी जपून ठेवलाय. घडीवर फाटलाय, पण सहावा नियम स्वच्छ वाचता येतो. सोमवारी मी तो घेऊन विद्यापीठात जाते आहे. फोटो, मापं आणि तो अंगठा हातात पडेपर्यंत मी त्या कपाटाच्या खोलीतून हलणार नाही. मला कारण विचारतील.

मी सांगणार नाही.