धाकट्या जावेचं शास्त्र

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा धाकटी जाऊ आमच्या वडीगोद्रीच्या घरात आली. जालन्याला सातवीपर्यंत शिकलेली. त्या चुलीपुढं मला आठ वर्षं झाली होती. पण सासऱ्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. तिला मात्र ओसरीवरून हाक मारायचे, "पोरी, शाळेत काय शिकवायचे, सांग की."

एकदा ती दाराआडून, पदर सावरत म्हणाली, "मामंजी, बदल दोन तऱ्हेचे असतात. तूप वितळलं तरी तूपच, गार झालं की पुन्हा थिजतं. पण दुधाचं दही झालं की ते परत दूध होत नाही. वस्तूच बदलते."

"मंग भाकरी?"

"भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही."

"बराबर!" सासरे खूश झाले. ऐकायला सासूबाईंनाही बोलावलं. मी तेव्हा आत भाकरीच थापत होते. मला कुणी बोलावलं नाही. यातलं काय मला ठाऊक नव्हतं? हातातली भाकरी मी तव्यावर आपटली.

दुसऱ्या दिवशी ती चुलीवर दूध ठेवून आडावर गेली. तेवढ्यात मी पातेल्यात अर्धं लिंबू पिळलं. ती परतली तेव्हा दूध फाटलं होतं.

सासूबाई कडाडल्या, "एवढी शिकलीस अन् दूध सांभाळता येत न्हाई?"

तिचं तोंड उतरलं. तिनं वाकून वास घेतला, मग माझ्या हाताकडं बघितलं. लिंबाची एक बी माझ्या बांगडीला चिकटली होती. आता ही सांगणार, असं मला वाटलं. पण तिनं पातेलं खाली उतरवलं. चोथा फडक्यात गाळला, गूळ घालून मंद आचेवर आटवला, वर वेलदोडा टाकला.

दुपारी सासऱ्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली. "कुणी केलं हे?"

"जाऊबाईंनी शिकवलं," ती म्हणाली.

"झकास झालंय!" पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं बघून काही म्हटलं. मला मान वर करवेना.

सारे उठल्यावर मी तिला विचारलं, "सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर या घरात मी कुणाशी बोलले असते?"

तिचं शिकणं मी कसंतरी सोसलंही असतं. पण तिच्या या शहाणपणाचा हेवा मला पुढं कैक वर्षं वाटत राहिला.